पान्हा फुटेपर्यंत मध्यंतर नाही

हल्ली कुणी मोठा माणूस व्यासपीठावरून 'चित्रपट ही एक थोर कला आहे' असं सांगू लागला, की चारचौघांसारखी मीही मान डोलावतो. पण डोळ्यांसमोर उभी राहते ती एक म्हैस. काळीभोर, शिंगं मागे वळलेली, कपाळावर पांढरा चांद असलेली. आणि तिच्या शेजारी, हातात पितळी घंटा धरून, ज्योतिषाने पत्रिकेत डोकं घालावं तसे तिच्या कासेकडे एकटक बघत उभे असलेले तात्या वडगावकर. कला वगैरे जी काही असेल ती त्या वेळी आत, पत्र्याच्या छपराखाली, अंधारात चाललेली असे. चित्रपटाचा धंदा मात्र बाहेर, या दोघांच्यात चाले.

तात्या आमच्या कोल्हापुरातल्या चंद्रमौळी टॉकीजचे मॅनेजर. शिवाजी पेठेच्या एका टोकाला हे टॉकीज होतं. संस्थान विलीन होऊन थोडीच वर्षं झाली होती त्या काळातली ही गोष्ट. मालक शंकराचे भक्त, म्हणून त्यांनी हे नाव ठेवलं असं म्हणत. पण छपराच्या पत्र्यांना इतकी भोकं होती, की दुपारच्या खेळाला नायिकेच्या गालावर उन्हाचे दोनचार कवडसे कायम नाचत असत, आणि हे नाव भक्तीपेक्षा प्रामाणिकपणापोटी ठेवलं असावं असं वाटे.

मी तेव्हा एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर होतो. पडद्यावर जाहिराती दाखवायच्या काचा मी तात्यांना रंगवून देई. कधी दंतमंजन, कधी छत्र्या, कधी 'शांतता राखा'. मोबदल्यात मला कायमचा फुकट पास होता. एका कलावंताचा हा केवढा सन्मान, असं मी बायकोला पुष्कळ दिवस सांगत होतो. मग एकदा तात्यांनीच खुलासा केला.

"मास्तर, फुकट आलेल्या माणसाच्या खिशात तिकिटाचं पैसं शिल्लक असत्यात की! ते काय घरला घेऊन जाणार हाय व्हय त्यो? हितंच वडा खातोय."

मी त्या वेळी दुसरा वडा खात होतो. तो तसाच हातात राहिला.

तात्या अंगाने ठेंगणे आणि भरलेले. डोक्याला गुलाबी फेटा, अंगात बारमाही काळा कोट आणि कोटावर, खांद्यावरून टाकलेला एक लाल काठाचा टॉवेल. कोट होता मॅनेजरचा. टॉवेल पेठ वडगावचा. त्यांचे वडील, आजे, सगळे वडगावच्या बाजारात जनावरांचे दलाल. तात्या तो धंदा सोडून कोल्हापुरात आले, कोट चढवला, पण नजर काही बदलली नाही. तिकिटाच्या रांगेकडे ते बैलाच्या रांगेकडे बघावं तसं बघत. माणसाची चाल, पोट आणि खांदे पाहून तो आत जाऊन काय खाईल हे सांगत आणि ते बहुतेक बरोबर येई. दात बघायची सोय नव्हती एवढंच.

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एवढंच होतं: "तिकिटाचा पैसा पावणा हाय मास्तर. आला, टेकला, च्या प्याला आनि मुंबईला गेला. खाण्याचा पैसा तेवढा घरचा."

यात खोटं काहीच नव्हतं. तिकिटातला मोठा वाटा सिनेमा पाठवणारी मुंबईची कंपनी घेऊन जाई. करमणूक कर सरकार नेई. आपली करमणूक झाली याचा दंड म्हणून लोक तो भरत. उरलेल्यात भाडं, वीज आणि यंत्राचा खर्च. शेवटी तात्यांच्या हाताला लागे ते विडी ओढण्यापुरतं. तेव्हा चंद्रमौळी टॉकीज हे सिनेमाचं थिएटर नव्हतंच मुळी. ते एक वड्याभज्यांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाने भूक लागेपर्यंत अंधारात गुपचूप बसून राहावं, म्हणून त्याच्यासमोर पडद्यावर काहीतरी हलत ठेवलेलं असे इतकंच.

भूक आणि तहान या दोन्ही गोष्टी नशिबावर सोडायला तात्या काही भोळे नव्हते. खेळ सुरू व्हायच्या आधी दारात खारे शेंगदाणे मिळत, अगदी स्वस्त, जवळजवळ दानधर्म केल्यासारखे. त्यांना मीठ असं लावलेलं असे, की अर्धी पुडी संपेपर्यंत जिभेचं चामडं व्हायचं. आणि सोडा मात्र मध्यंतरात, बाजारातल्यापेक्षा महाग. पिण्याच्या पाण्याचा माठ नियमाप्रमाणे कोपऱ्यात होता. फक्त त्याचं ओगराळं मी त्या टॉकीजला ओळखत होतो तेवढी वर्षं दुरुस्तीला गेलेलं होतं. मध्यंतर जवळ आलं की पंखे बंद होत. कुणी ओरडलं की तात्या अंधारातून शांतपणे सांगत, "पावणं, यंत्राला बी इश्रांती पायजे का नगं?"

देवादिकांचा सिनेमा लागला, की खेड्यापाड्यांतून बैलगाड्या येत. बायाबापड्या दाराबाहेर चपला काढून आत शिरत आणि देव पडद्यावर आला की नारळ फोडत. तात्यांनी भक्तांची अडचण ओळखून दारातच नारळांचं दुकान घातलं. आत फोडलेल्या नारळांची भकलं खेळ संपल्यावर झाडून गोळा होत आणि दुसऱ्या दिवशी वड्याबरोबर जी चटणी मिळे, तिच्यात देवाचा हात असे. एकच नारळ दोनदा विकायची ही युक्ती देवालाही सुचली नसती.

पण तात्यांची खरी करामत होती ती मध्यंतराची जागा ठरवण्यात. सिनेमा काढणाऱ्याने मध्यंतर कुठे ठेवलंय याला चंद्रमौळीत काडीची किंमत नव्हती. नवा सिनेमा आला की पहिल्या खेळाला तात्या बाजूच्या दरवाज्याच्या पडद्याआड उभे राहत. योग्य क्षण आला की घंटा वाजवत. वडगावच्या बाजारातून आणलेली, बैलाच्या गळ्यातली घंटा ती. वरच्या खोलीतला ऑपरेटर तो आवाज ऐकला की यंत्र थांबवी, आणि पुढे रोज मध्यंतर त्याच जागी होई.

"रडणारा माणूस खात न्हाय," ते मला समजावून सांगत. "हासणारा बी न्हाय, त्यो शेजारच्याला टाळी देत बसतोय. काळजी लागलेला माणूस खातोय! का, तर काय खातोय हिकडं त्येचं ध्यानच न्हाय."

म्हणून खुनी सुरा उगारे, नायिका पत्राची घडी उलगडे, किंवा न्यायाधीश खाकरून तोंड उघडे, आणि टण्ण! दिवे लागत. शिळी भजी खपवायची असली, तर नायकाला कड्यावरून लटकत ठेवावं लागे.

आणि एकदा घंटा वाजली, की तात्या जे खाण्याच्या टेबलाशी जात ते खेळ सुटेपर्यंत. उरलेला सिनेमा ते कधीही बघत नसत. इतकी वर्षं थिएटर चालवून या माणसाने एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नव्हता. त्यांच्या लेखी जगातला एकही खून पुरा झालेला नव्हता, एकही लग्न लागलेलं नव्हतं. सगळे नायक आपापल्या कड्यांवर लटकत होते आणि सगळे न्यायाधीश तोंड उघडून बसले होते. मी एकदा शेवट सांगायला गेलो, तर त्यांनी कानांवर हात ठेवले.

"नगं, नगं! शेवट कळला की माणूस घरला जातोय. घरला गेलेल्या माणसाचा आपल्याला काय उपेग?"

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना मुंबईच्या कंपनीचा एक माणूस कराराला आला. पँट, टाय, हातात कातडी पेटी. तिकिटातल्या वाट्याचा भाव ठरवायची वेळ आली तसा तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, त्या माणसाच्या हातावर टाकला आणि खालून आपला हात घातला. वडगावच्या बाजारात जनावराचा भाव तोंडाने बोलत नाहीत. टॉवेलाखाली बोटं दाबतात, म्हणजे भोवतालच्या बघ्यांना आकडा कळत नाही. आता इथे बघ्या म्हणून मी एकटाच होतो आणि मला बोटांची भाषा येत नव्हती. पण सवय ती सवय.

तात्यांनी दोन बोटं दाबली. मुंबईच्या पाहुण्याला वाटलं, ही इथली स्वागताची पद्धत असावी. मोठ्या मनाचा माणूस होता. त्याने तात्यांचा अख्खा पंजा दोन्ही हातांनी धरला आणि प्रेमाने दाबला.

तात्यांचा चेहरा उतरला. "सगळंच? मर्दा, जरा तरी सोड की!"

"हां हां, सब ठीक है," पाहुणा म्हणाला आणि त्याने पंजा आणखी एकदा दाबला.

टॉवेलाखाली दिलेला शब्द फिरवायचा नाही, हा वडगावचा कायदा. पाहुण्याला आपण काय मिळवलं ते कागद वाचून कळलं असणार, पण त्याने ते शहाणपणाने चेहऱ्यावर दाखवलं नाही. त्या कंपनीच्या सिनेमांच्या तिकिटांतला जवळजवळ सगळा पैसा मुंबईला जाऊ लागला. "ह्या वर्साला पावणा ऱ्हाईला न्हाय मास्तर," तात्या मला म्हणाले, "जावई झाला त्यो."

आणि नेमकं त्याच वर्षी मालकांच्या डोक्यात गूळ शिरला.

चंद्रमौळीची जागा आप्पासाहेबांची. आप्पा गुळाचे मोठे अडते. दिवाळी आली, गुऱ्हाळं सुरू झाली, की कोल्हापुरात गुळाचे रवे, म्हणजे मोठाल्या ढेपा, ठेवायला जागा पुरत नसे. त्या वर्षी गणपतीनंतर आप्पा वरचेवर टॉकीजमध्ये येऊ लागले. पण पडद्याकडे बघेनात. खेळ चालू असताना ते भिंतीकडेने पावलं टाकत आणि वर आढ्याकडे बघत.

"तात्या, ह्या थर्डक्लासात गुळाचं रवं किती बसतील रं?"

"आप्पा, हितं माणसं बसत्यात."

"माणसं काय, तीन तासांत उठून जात्यात. गूळ सा म्हैनं बसतोय. पंखा मागत न्हाय, शिट्टी मारत न्हाय."

"छपराला भोकं हाईत आप्पा. पाणी गळंल, गूळ इरघळंल."

"पत्रं बदलू की!"

प्रेक्षकांच्या डोक्यावर इतकी वर्षं न बदललेले पत्रे गुळाच्या डोक्यावर बदलायला आप्पा एका पायावर तयार होते. शेवटी त्यांनी मुदत घातली. दिवाळीच्या पाडव्यापर्यंत गोदामाच्या भाड्यापेक्षा जास्त मिळकत दाखव, नाहीतर पाडव्याला गूळ आत.

त्या दिवशी तात्या टॉकीजच्या पायरीवर बसून होते. मी शेजारी टेकलो. मग म्हणाले, "मास्तर, हितं मला समदी तात्या म्हंत्यात. मॅनेजरसायेब म्हंत्यात. वडगावला परत गेलो तर दलालाचं पोरगं म्हंतील. ह्या वयाला पोरगं व्हायाचं व्हय मी?" मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तात्या उठले आणि त्यांनी शत्रू शोधून काढला. तालमीतले पैलवान! शिवाजी पेठेत तालमींना तोटा नाही. संध्याकाळच्या खेळाला पैलवानांच्या झुंडी येत, दोन खुर्च्यांत एकेक बसे, आणि खात काहीच नसत. चहा, सोडा, तळलेलं, सगळं वस्तादांनी बंद केलेलं. मध्यंतरात ते छाती पुढे काढून अंगणात नुसते उभे राहत. त्यांच्याकडे बघून तात्यांच्या जिवाची तगमग होई. एवढी मोठी पोटं आणि धंद्याला शून्य.

पैलवान पितात काय? दूध. आणि कोल्हापूरचा पैलवान बाटलीतलं किंवा कढईतलं दूध पीत नाही. संध्याकाळी कट्ट्यावर म्हैस समोर पिळून घ्यायची आणि फेसासकट पेला तोंडाला लावायचा, ही इथली रीत. तात्यांनी सिद्धू गवळ्याला गाठलं. दुसऱ्या दिवसापासून त्याची कपाळावर चांद असलेली म्हैस संध्याकाळच्या खेळाला चंद्रमौळीच्या अंगणात येऊन उभी राहू लागली. मी पाटी रंगवून दिली, 'मध्यंतरात धारोष्ण दूध मिळेल.' खाली म्हैस काढली. आयुष्यात माझ्या ज्या एका चित्राची पेठेत वाहवा झाली, ते हेच.

गर्दी अशी लोटली, की काही मंडळी सिनेमा न बघताच मध्यंतराला येऊ लागली. तात्यांनी त्यांच्यासाठी अंगणाचं वेगळं तिकीट काढावं का याचा विचार केला होता.

एकच अडचण होती. म्हशीला सिनेमा कळत नव्हता. ती आपल्या वेळेला पान्हा सोडी. त्याआधी तिच्या कासेला कितीही झटा, थेंब येत नसे. आणि पान्हा आला की लगेच पिळावं लागे, वाट बघायला ती तयार नसे. तिची वेळही रोज थोडी मागेपुढे. बाकी कुणासाठी तात्या वाकले नव्हते, पण म्हशीपुढे वाकले. बाजूच्या दरवाज्यात एक डोळा पडद्यावर, एक म्हशीवर ठेवून ते उभे राहत. तिने मान खाली घातली, कान सैल सोडले, सिद्धूने "सोडलं!" म्हणून हाक दिली, की तात्या घंटा वाजवत. मग नायक प्रेमाचं बोलत असो, नाहीतर मरत असो. एकदा गाण्याच्या मधेच मध्यंतर झालं आणि नायिकेचं तोंड उघडंच राहिलं. लोक कुरकुरले, पण दूध चांगलं होतं. या गावात चांगल्या दुधापुढे गाण्याचं काय!

पाडवा जवळ आला. आप्पांनी निरोप पाठवला, "घरच्यांना घेऊन येतो. दुधाचा धंदा डोळ्यांनी बघतो. मग काय ते ठरवू." तात्यांनी घर सोयरिकीला सजवतात तसं टॉकीज सजवलं. अंगणात सडा पडला. म्हशीला आंघोळ घालून शिंगांना हिंगूळ लावला. तालमीतल्या सगळ्या पोरांना सांगावे गेले. वडे एवढे तळले, की पिठाने माखल्या हातांचे आचारी बाहेर येऊन वारा घेत होते. आणि आप्पांपुढे सिद्धू फाटक्या बंडीत दिसायला नको, म्हणून तात्यांनी त्याच्या अंगावर आपला लग्नातला कोट चढवला, डोक्याला नवा फेटा बांधला, आणि वर कानात अत्तराचा फाया घातला.

जनावरांच्या बाजारात जन्म काढलेल्या घराण्यातला माणूस! म्हैस माणसाला वासाने ओळखते हे त्याला कुणी सांगायला हवं होतं का? पण आप्पा येणार म्हटल्यावर तात्यांच्यातला दलाल झोपी गेला आणि मॅनेजर जागा झाला.

खेळ सुरू झाला. आईच्या ताटातुटीचा बोलपट होता. जत्रेत हरवलेला मुलगा मोठ्या घरात वाढतोय, आई त्याच घरात भांडी घासते, आणि दोघांनाही पत्ता नाही. थर्डक्लासला तो पहिल्या दहा मिनिटांत लागला होता. मी अंगणात पाटीजवळ उभा होतो. म्हशीची वेळ झाली. सिद्धू तिच्याकडे गेला. तिने मान वळवून त्याला हुंगलं, फुर्र केलं आणि लाथ झाडली. हा अत्तर लावलेला कोटवाला कोण, तिने ओळखच दाखवली नाही.

"जरा दम खा. सोडंल," तात्या दरवाज्यातून म्हणाले. दम खाल्ला. म्हशीने सोडलं नाही. मध्यंतराची जागा आली आणि गेली. वरून ऑपरेटरने खिडकीतून डोकं काढलं, तात्यांनी हाताने 'चालू दे' केलं. आप्पा दूध बघायला आले होते. मध्यंतर देऊन कोरडी म्हैस दाखवायची म्हणजे आपल्याच हाताने गुळाला दार उघडायचं. सिद्धू पुन्हा गेला, पुन्हा लाथ. पंखे केव्हाचे बंद होते. आत माणसं घामाने निथळत होती, पण उठत कुणीच नव्हतं.

शेवटी सिद्धूच चिडला. त्याने कोट काढून कुंपणावर फेकला, फेटा उतरवला, म्हशीच्या बादलीत कान धुतले, आपली फाटकी बंडी चढवली आणि पुन्हा तिच्या पुढे जाऊन उभा राहिला. म्हशीने हुंगलं. मान खाली गेली, कान सैल पडले.

"तात्या, सोडलं! सोडलं की! वाजवा!"

घंटा वाजली नाही.

मी धावत दरवाज्याशी गेलो. तात्या दाराचा पडदा बाजूला सारून आत तोंड करून उभे होते. घंटा हातात होती आणि तिच्या लोलकाला त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं, चुकून वाजू नये म्हणून. पडद्यावर ती आई त्या घराच्या दारात बोचकं घेऊन उभी होती, कायमची निघालेली, आणि आतून मुलगा जिना उतरत होता.

"तात्या, म्हशीनं पान्हा सोडलाय," मी म्हणालो.

"गप बसा वो मास्तर!" ते माझ्याकडे न बघता पुटपुटले. "त्यो वळखतोय का बघू द्या. खुळ्या, बघ की तिच्याकडं... बघ की मर्दा!"

त्याने ओळखलं. ते ओळखतातच. आम्हाला ते ठाऊक असतं, आम्ही शेकड्याने शेवट पाहिलेले असतात. तात्यांचा तो पहिलाच होता. टॉवेल तोंडाला लावून हा माणूस हुंदके देत होता, आणि बाहेर सिद्धू एकटाच बादल्या भरत होता.

दिवे लागले ते खेळ संपल्याचेच. सगळं थिएटर रडत बाहेर आलं आणि रडत सरळ घरी गेलं. पैलवानसुद्धा मनगटांनी डोळे पुसत गेले, दुधाकडे कुणी बघितलं नाही. फेस खाली बसला. वड्यांच्या परातींवर माश्या बसल्या. रडणारा माणूस खात नाही, हा तात्यांचा सिद्धांत एवढ्या मोठ्या प्रमाणावर कधीच खरा ठरला नव्हता.

आप्पा सगळ्यांत शेवटी आले. फेट्याच्या शेमल्याने नाक पुसत होते. "तात्या, तुझ्या मध्यंतरापायी मला आजवर एक शिणीमा धड बघाय मिळाला न्हवता. आज बघितला. लई झ्याक."

"मग ऱ्हातंय न्हवं टॉकीज?" तात्यांनी विचारलं. त्यांचा आवाज अजून ओला होता.

आप्पांनी परातींकडे बघितलं, बादल्यांकडे बघितलं. "मर्दा, शिणीमा झ्याक हाय. पर ह्येच्यात मिळकत कुठं हाय?"

पाडव्याला नवे पत्रे चढले.

तात्यांना वडगावला मात्र परत जावं लागलं नाही. आप्पांनी त्यांना तिथेच गोदामावर मुकादम म्हणून ठेवून घेतलं. रडलेला माणूस तेवढं करतो. थंडीत एकदा मी मुद्दाम गेलो होतो. त्यानंतर माझी बदली सांगलीकडे झाली आणि तात्या पुन्हा दिसले नाहीत, म्हणून ती भेट लक्षात आहे. खुर्च्या विकून टाकलेल्या, जिकडेतिकडे गुळाचे रवे, आणि त्यांच्या थप्प्या पांढऱ्या पडद्याच्या भिंतीवर नायिकेचा गळा येत असे तिथपर्यंत गेलेल्या. वास गोड, अंधार तोच. छपरातून एकही कवडसा येत नव्हता. तात्या थर्डक्लासच्या उरलेल्या एका बाकावर, त्या भिंतीकडे तोंड करून बसले होते. फेटा, कोट, टॉवेल, सगळं जागच्या जागी.

"या मास्तर, बसा." मग थोडं इकडेतिकडे बघून, आवाज उतरवून ते म्हणाले, "त्यो एक हुता बघा. कड्यावर लटकल्याला. आपण भजी खपवाय त्येला टांगून ठेवलाता. त्येचं फुडं काय झालं?"

मी सांगू लागलो. तात्या गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. खाली दरी, वर खलनायक, नायकाचा एक हात सुटतो, फक्त बोटं उरतात, वरून खलनायक पाय उचलतो...

"थांबा," तात्या म्हणाले.

त्यांनी बाकाखालून घंटा काढली आणि वाजवली. पोती टाकून हमाल थप्प्यांच्या मधून बाहेर आले, घाम पुसत दाराशी गेले. तिथे एका फळीवर खारे शेंगदाणे होते आणि सोड्याच्या बाटल्या. कोपऱ्यात माठ होता. त्याला ओगराळं नव्हतं.

तात्यांनी एक पुडी माझ्या हातात ठेवली आणि हात तसाच पुढे धरून उभे राहिले. मी पैसे दिले. हमाल खाऊन, सोडा पिऊन कामाला परत गेल्यावर ते बाकावर येऊन बसले, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाले, "हं. आता सांगा."

तोवर अर्धी पुडी खाऊन माझा घसा सुकला होता. मी एक सोडा मागितला, त्याचेही पैसे दिले, आणि पुढचं सांगायला बसलो.